चौकशी बंद आहे

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला नोकरी लागली ती नाशिकच्या एका बस स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. नव्वदीची मधली वर्षं होती. नाशकात देवाला साकडं घालायला जागा पुष्कळ, पण देव गाडीचं टायमिंग सांगत नाही. त्यामुळे ती रांग माझ्याकडे यायची.

खिडकीला जाड काच होती आणि काचेला खाली अर्धचंद्राच्या आकाराचं भोक. त्या भोकातून बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागायचं. आधीच गाडी चुकलेली, हातात पिशव्या, आणि त्यात एका बाईपुढे वाकायचं, म्हणजे प्रश्न विचारण्याआधीच माणूस चिडलेला असे. डोक्यावर हातभर फलक होता, त्यावर सगळ्या वेळा रंगवलेल्या. लोक तो मोठ्याने वाचायचे आणि मग वाकून विचारायचे, "घोटीची गाडी किती वाजता?" शिकलेले लोक विचारायचे, "बोर्डावर साडेनऊ लिहिलंय, म्हणजे नक्की किती वाजता?"

माझी पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. दोनला सुटून मी तीनपर्यंत इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटवर पोचायचे. घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, तो संध्याकाळी यायचा. तोवर सासूबाई माझं ताट वाढून समोर बसायच्या आणि विचारायच्या, "मग? आज काय झालं?"

मी सांगायचे. कोण काय बोललं, कुणी काचेवर कसा हात आपटला, कुठल्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याने माझी बदली करायची धमकी दिली, सगळं. सासूबाई जिथल्या तिथे "मेल्याचा मुडदा बसवला" वगैरे म्हणायच्या, त्यामुळे सांगायला रंग चढायचा. संध्याकाळी तेच नवऱ्याला सांगायचे. रविवारी बहिणीचा फोन आला की पुन्हा तेच. म्हणजे एकदा झालेला अपमान मी तीनदा करून घ्यायचे, आणि तिसऱ्या खेपेला तो पहिल्यापेक्षा बराच मोठा झालेला असे.

भर म्हणून आमची बिल्डिंग. तीन मजल्यांची, पण तिथून रोज कुणी ना कुणी कुठे ना कुठे जातच असायचं. मी जिना चढत असतानाच खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून विचारायच्या, "अगं, उद्या पहाटे धुळ्याला आहे का गं काही?" जेवताना फोन वाजायचा, तोही चौकशीचाच. नवऱ्याचे मामा तर स्टँडचा नंबर लावल्यासारखं थेट विचारायचे, "हॅलो, देवळाली कॅम्पहून शेवटची कितीला?" मी कशी आहे, हे विचारायची पद्धत नव्हती.

दोन वर्षांत मला अ‍ॅसिडिटी झाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काय नोकरी करता विचारलं, मी सांगितली. त्यांनी गोळ्या लिहिल्या, ताण कमी घ्या म्हणाले, आणि चिठ्ठी हातात देता देता विचारलं, "सुरगाण्याला थेट गाडी आहे का हो? आमचं शिबिर आहे तिथे." मी म्हणाले, "सव्वासातला. दिंडोरी-वणीवरून." पोटात आग पडली होती तरी फलाट क्रमांकसुद्धा सांगितला.

ही नोकरी मला मारणार याबद्दल तेव्हा माझ्या मनात काही शंका नव्हती.

केबिनमध्ये आम्ही दोघं कंट्रोलर बसायचो. दुसरे होते ते निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणायचे. मी खिडकी सांभाळायचे तेव्हा ते माइकवर गाड्या पुकारायचे आणि ड्रायव्हर-कंडक्टर आले की वहीत नोंदी करायचे. मग आम्ही अदलाबदल करायचो. म्हणजे शिव्या आम्हाला अगदी समसमान मिळायच्या. पण त्यांना काही होत नसे. डब्यात रोज मिरचीचा ठेचा असायचा आणि तो पचायचाही. माझी समजूत अशी की तीस वर्षांत कातडी गेंड्याची झाली असणार.

एक दिवस आम्ही बरोबरच सुटलो. काकांनी खाकी शर्टावर आपला पांढरा सदरा चढवला, पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही फलाटावरून निघालो. एका माणसाने त्यांना अडवलं. "ओ भाऊ, घोटीची गाडी कुठं लागते?"

काका म्हणाले, "काही कल्पना नाही बुवा. तिकडे चौकशीला विचारा."

पाच मिनिटांपूर्वी त्याच गाडीची घोषणा त्यांनी स्वतः केली होती. मी थोडं पुढे गेल्यावर म्हटलं, "काका, धडधडीत खोटं बोललात."

"खोटं काय त्यात?" ते म्हणाले. "कंट्रोलरला माहीत होतं. कंट्रोलर दोन वाजता संपला. आता मी मळ्यात चाललोय. मळेकऱ्याला गाडीचं काय माहीत असणार?"

मखमलाबादला त्यांचा घरचा मळा होता. शेवंती, झेंडू, कडेने कोथिंबीर. दुपारनंतर ते तिथे असायचे.

"आणि डोक्यात येत नाही काही? मघाचा तो माणूस तुमच्या आईवरून बोलला."

"तो खिडकीला बोलला. मी तिथे नसतो तर तुला बोलला असता. तू नसतीस तर आणखी कुणाला. मी कशाला ते मळ्यात घेऊन जाऊ? शेवंतीला सांगून काय उपयोग आहे का?"

मला ते पटलं नाही. माणसाने असं कोडगं होऊ नये असं वाटलं. पण त्या आठवड्यात पोटाने फारच छळलं, आणि शुक्रवारी मी करून बघायचं ठरवलं.

पहिल्याच दिवशी जिन्यात काकू भेटल्या. "अगं, शिर्डीला दुपारची कुठली बरी?"

मी म्हणाले, "माहीत नाही हो."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी आले की मला आठवत नाही."

काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. वर येऊन जेवायला बसले. सासूबाईंनी विचारलं, "आज काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "खरंच काही नाही. आमटी छान झालीय." आमटी नेहमीसारखीच होती.

चार दिवसांत बिल्डिंगभर झालं की मला विसरण्याचा आजार लागला आहे. काकूंनी ब्राह्मीच्या तेलाची बाटली आणून दिली. दुसऱ्या मजल्यावरून भिजवलेले बदाम यायला लागले. मामांनी फोनवर पहिल्यांदाच मी कशी आहे हे विचारलं, पण माझ्या नवऱ्याला. मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. बदाम चांगले होते.

सुरुवातीला फार जड गेलं. ओठावर उत्तर तयार असायचं आणि ते गिळावं लागायचं. "सहा पंधरा" हे दोन शब्द घशात अडकून बसले की चहा उतरत नसे. पण महिन्या-दोन महिन्यांत सवय झाली. तीन वाजता घरी आले की मी जेवायचे, गॅलरीत खुर्ची टाकून भाजी निवडायचे, पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. अ‍ॅसिडिटी गेली. आणि नवल म्हणजे सकाळची नोकरीही तेवढी वाईट वाटेना. माणसं तीच, काच तीच, भोक तेवढंच. पण कालचा माणूस आज माझ्याबरोबर खिडकीत बसलेला नसायचा. आजचे चिडलेले तेवढे आजचेच, आणि एका पाळीला ते पुरेसे असतात.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी गप्प झाल्यावर लोकांना वाटायला लागलं की माझं काम हलकं आहे.

त्याच सुमारास नवऱ्याला कंपनीने मोबाइल दिला. पट्ट्याला कातडी पाकीट, त्यात तो फोन. पहिले आठ दिवस तो अभिमानाने मिरवला आणि नंतर त्या फोननेच त्याला फिरवलं. जेवताना वाजायचा, पूजेत वाजायचा. तिकडे मशिन बंद पडलं की इकडे आमचं वरण गार व्हायचं. तो गॅलरीत जाऊन ओरडून बोलायचा. आत आला की कपाळ धरून बसायचा. सासूबाई त्याच्या डोक्याला तेल लावायच्या आणि मला खुणेने सांगायच्या, टीव्ही बारीक कर.

एकदा मी म्हणाले, "घरी आल्यावर बंद करून ठेव ना तो."

तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तू घरी आलीस की सगळं विसरतेस. खरं जबाबदारीचं काम असतं ना, तर विसरता आलं नसतं."

सासूबाईंनी मान डोलावली. मला राग आला, पण खरं सांगायचं तर थोडं पटलंही. मला वाटलं, असेल बुवा. गाड्यांच्या वेळा सांगणं म्हणजे काही लोखंड वितळवणं नाही.

कामावर तेच. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक नवीन गृहस्थ आले. ते रोज डेपोच्या साहेबांपुढे जाऊन छातीत धडधडतंय म्हणून सांगायचे. साहेबांनी त्यांना माइक आणि वह्या दिल्या आणि खिडकी आठही तास माझ्याकडे. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही टेन्शन घेत नाही, तुम्हाला जमेल." मी ते कौतुक समजून घरी आले.

मग तो रास्ता रोकोचा दिवस आला.

आदल्या संध्याकाळी मी शब्दकोडं घेऊन बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "उद्या चांदवडला ताईकडे जाईन म्हणते. सकाळची गाडी किती वाजता गं?"

मी वर न बघता म्हणाले, "उद्या खिडकीवर विचारा."

हे मी सगळ्यांनाच म्हणायचे, जीभच तशी वळली होती.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बातमी आली की कांद्याच्या भावावरून चांदवडला हायवे अडवला आहे. चांदवड, मालेगाव, धुळे, सटाणा, सगळं ठप्प. अर्ध्या तासात स्टँड भरला. काचेपुढे रांग उरली नाही, नुसता ढीग झाला. एकाच वेळी भोकातून तीन-तीन हात आत यायचे.

"ओ बाई, गाडी सुटल का नाय? लय येळ झाला."

"ताई, सटाणानी गाडी शे का नही, तेवढं सांगा."

"रस्ता बंद आहे. कधी सुरू होईल माहीत नाही. पुढे."

लाल शर्टातला एक माणूस काचेवर बुक्क्या मारत मला काय काय म्हणाला, ते लिहिण्यासारखं नाही. दुसरा एकजण काचेवर थुंकला. नवीन गृहस्थ छाती धरून साहेबांकडे गेले ते आलेच नाहीत, म्हणून माइकही माझ्याकडे आला. मी वहीत डोकं घालून उत्तरं देत होते. तोंडं बघायची नाहीत, असं अशा दिवशी ठरवूनच टाकलेलं असतं. कुणी म्हातारी बाई वाकून म्हणाली, "चांदवडला जायचं होतं. किती वेळ थांबायचं?"

मी म्हणाले, "आजी, रस्ता काय मला विचारून उघडणार आहे का? बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या."

ती बाजूला झाली.

दुपारी एकला वाहतूक सुरू झाली. तीनला मी घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, बाहेरच्या साडीतच. मी हात धुतले, पाटावर बसले आणि मग मला आठवलं.

"तुम्ही चांदवडला जाणार होतात ना?"

"गेले होते. स्टँडपर्यंत."

"अहो, मग खिडकीवर यायचं. मी आत बसवलं असतं."

"आले होते," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस, बाजूला व्हा."

मी भाताकडे बघत राहिले. त्यांनी वरण वाढलं, वर तूप घातलं.

"तीन तास समोरच्या बाकावर बसले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "तो लाल शर्टवाला तुला काय म्हणाला ते ऐकलं. थुंकला तोही पाहिला. तू फडक्याने काच पुसलीस आणि पुढच्याला सटाण्याचं सांगितलंस."

"रोज नसतं असं."

"किती वेळा असतं?"

"थुंकणं कमी. बाकीचं आठवड्यातून दोनदा."

"आणि घरी येऊन म्हणतेस, आमटी छान झालीय."

मला रडू आलं. म्हणजे लाल शर्टवाल्यामुळे नाही. "बाजूला व्हा"मुळे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आधी जेव." नंतर मागायची राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी नवरा आला. आल्या आल्या कपाळ धरून म्हणाला, "आज फार टेन्शन होतं." सासूबाई तेलाची वाटी आणायला उठल्या नाहीत.

"हिचं काम कधी बघितलंस का रे?" त्यांनी विचारलं.

"तिचं काय? वेळा तर सांगायच्या."

"मी आज बघितलं. तू घरी येऊन ओरडतोस, म्हणून आम्हाला वाटलं तुझं काम मोठं. तुला एकदा बसवायला हवं त्या काचेमागे. दहा वाजेपर्यंत तू रडत घरी येशील."

फोन वाजला. तो घेऊन गॅलरीत जायला निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, "जिन्यात जाऊन बोल. ती कोडं सोडवतेय." तो जिन्यात गेला, आणि बिल्डिंगला पुढची काही वर्षं त्याच्या कारखान्याची सगळी माहिती मिळत राहिली.

मला वाटलं प्रकरण इथे मिटलं. पण चार-पाच दिवसांनी मी जेवून उठत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू हे करतेस कसं? म्हणजे दार लावल्यासारखं?"

मी काकांचं सगळं सांगितलं. मळ्याचं, शेवंतीचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यासाठी आधी ड्यूटी संपावी लागते," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला कुणी सांगितलंच नाही, की बाई, दोन वाजले, जा आता."

मी उष्टं ताट हातात घेऊन उभी होते. इतकी वर्षं मी तीनला येऊन मोकळी होत होते, ती त्यांनी वाढलेल्या ताटावर. माझी खिडकी बंद झाली की त्यांची चालूच असायची, आणि मी ती कधी पाहिली नव्हती. मी ताट घासायला घेतलं, तर म्हणाल्या, "आज राहू दे. उद्यापासून चार ते सहा मी नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे घरात आहे, पण नाही."

आणि त्या खरंच नसायच्या. गॅलरीतल्या दिवाणावर उताण्या पडायच्या, डोळे उघडे, हात पोटावर. पहिल्या दिवशी नवरा लवकर आला होता. त्याने विचारलं, "आई, चहा?" उत्तर नाही. "आई, साखर कुठे आहे?" उत्तर नाही. घाबरून त्याने मला हाक मारली, "अगं, आई बोलत नाही." सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "सहाला विचार." त्याने चहा स्वतः केला. साखर समजून रव्याचा डबा उघडला होता, पण वेळेत लक्षात आलं. पुढे बरा करायला लागला. फोन मात्र त्याने कधी बंद केला नाही. त्याला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटत राहण्यासाठी तो लागायचा, हे माझं मत. त्याला ते मान्य नाही.

त्यानंतर कुंभमेळा आला. साहेबांनी यादी लावली, आणि मेळ्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या स्टँडवरच्या खिडकीपुढे एकच नाव होतं, माझं. छातीत धडधडणारे गृहस्थ कार्यालयात, पंख्याखाली. या वेळी मी घरी येऊन नियम मोडला आणि सासूबाईंना सांगितलं. सहा वाजून गेले होते, त्यामुळे त्यांनी ऐकलं.

"चूक तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "घरी कण्हत नाहीस ते बरोबर. पण तिथेही कण्हत नाहीस. त्यांना कसं कळणार?"

"मला नाही जमत तसलं."

"जमेल. मला पन्नास वर्षांचा अनुभव आहे. कपाळाला हात लाव. असा नाही, जरा खाली. आता उसासा टाक."

आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात अर्धा तास तालीम केली. नवरा दारातून बघून गेला. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले, हात भिंतीला टेकला आणि सासूबाईंनी शिकवला तसा श्वास सोडला.

साहेबांनी वर पाहिलं. "काय झालं बाई? तुम्ही तर कधी…"

"कधी बोलले नाही, साहेब," मी म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना म्हणून खुर्चीवर बसले. ते बसणंच उपयोगी पडलं असावं. त्यांनी पाणी मागवलं, यादी पुढे ओढली आणि मेळ्याच्या खिडकीवर माझ्याबरोबर आणखी दोघांची नावं लिहिली. त्यातलं एक नाव पंख्याखालच्या गृहस्थांचं होतं. पहिल्या पर्वणीच्या दिवशी ते माझ्या शेजारी आठ तास बसले आणि त्यांच्या छातीला काहीही झालं नाही.